फॉर्म हरवलेल्या फलंदाजाची जागा आणि बाहेर बसलेला बारावा गडी

मॅटिंगवरचा (मूळ लेख)

फॉर्म हरवलेल्या फलंदाजाला संघात ठेवावे की काढावे, हा विषय निघाला की आपण सगळे त्या फलंदाजाकडे पाहूनच बोलू लागतो. त्याने आजवर काय केले, त्याची शतके किती, त्याच्या तोडीचा दुसरा आहे का, हेच प्रश्न विचारले जातात. त्याच्यामुळे ज्याला अकरात येता आले नाही, त्याचे नाव त्या चर्चेत क्वचितच निघते. ज्याने संघनिवडीच्या खोलीत बसून हा निर्णय कधी घेतला आहे, त्याला मात्र ते दुसरे नाव विसरता येत नाही. मलाही आलेले नाही, म्हणून या मंचावर हा धागा काढत आहे.

१९९० च्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका क्लबच्या संघनिवडीत काही हंगाम बसत असे. त्या काळी आमचे बहुतेक सामने मॅटिंगवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर, होत. आमचा चौथ्या क्रमांकाचा फलंदाज क्लबचा आधारस्तंभ होता, वयाने आणि मानाने आम्हा सर्वांपेक्षा मोठा. त्या एका हंगामात सलग सहा सामन्यांत त्याची एकही विशी झाली नाही. धावा होत नव्हत्या याहून मला खटकत होते ते त्याचे बाद होणे. मॅटिंगवर चेंडू थोडा जास्त उसळतो, आणि तो मात्र गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वीच पुढच्या पायावर वजन टाकून मोकळा होत होता. टप्प्यावरून उठलेला चेंडू मग ग्लोव्हला लागून गलीतल्या क्षेत्ररक्षकाकडे किंवा बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे जायचा. सहापैकी चार वेळा तो असाच बाद झाला. मला ते पहिल्या दोन सामन्यांतच दिसले होते. मी त्याला सांगितले नाही, कारण त्याला सांगण्याइतका मी मोठा नव्हतो असे मला वाटले, आणि त्याला वगळलेही नाही, कारण तसा विषय काढायचे धाडस आमच्यापैकी कोणालाच झाले नाही.

त्या सहाही सामन्यांत बारावा गडी एकच होता. सतरा वर्षांचा तो मुलगा उचगावहून सायकलने यायचा. नेटमध्ये तो उशिरा, चेंडू अगदी नजरेखाली आल्यावर खेळायचा, आणि मॅटिंगवर हवे असते ते नेमके हेच. सामन्याच्या दिवशी तो पाणी न्यायचा, ग्लोव्हज बदलून द्यायचा आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर कोणीतरी दहा चेंडू टाकील का म्हणून पॅड बांधून थांबायचा. सातव्या सामन्याच्या आधी तो सकाळीच माझ्या घरी आला. क्लबने दिलेली बॅट त्याने जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती. तिला नुकतेच जवसाचे तेल लावलेले असावे, कारण ती दाराच्या चौकटीला टेकवताच तो वास घरात आला. “काका, बॅट जमा करायला आलोय,” एवढेच तो म्हणाला. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानात त्याला काम मिळाले होते. पुढे कित्येक वर्षांनी गुळाच्या सौद्याच्या वेळी तो मला तिथे दिसला. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजून वहीत आकडे लिहीत होता. त्याने ओळखले, चहा पाजला आणि क्रिकेटचा विषय काढला नाही.

तो मोठा खेळाडू झालाच असता, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच कळण्याचा मार्ग उरला नाही, आणि माझी खंत नेमकी तीच आहे. आमच्या ज्येष्ठ फलंदाजाला आम्ही सहा संधी दिल्या, त्या सहाही त्या मुलाच्या खात्यातून काढून दिल्या होत्या, आणि तसे आम्ही एकदाही मोठ्याने म्हटले नाही.

आता मोठ्या क्रिकेटकडे येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मायदेशातील मालिकेत के. एल. राहुलने पहिल्या दोन कसोटींत २०, १७ आणि १ अशा धावा केल्या. त्याला वारंवार मिळणाऱ्या संधीवर वेंकटेश प्रसादसारख्या माजी कसोटीपटूने जाहीरपणे टीका केली. त्याच वेळी बाहेर बसलेल्या शुभमन गिलने महिनाभरापूर्वी हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात २०८ धावा फटकावल्या होत्या. इंदूरच्या तिसऱ्या कसोटीत राहुलला वगळून गिलला घेतले आणि अहमदाबादच्या चौथ्या कसोटीत गिलने १२८ धावा केल्या. इथवरची गोष्ट सर्वांना आठवते. पुढची मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सेंच्युरियनच्या अवघड खेळपट्टीवर मधल्या फळीत आणि यष्टिरक्षक म्हणून परतलेल्या राहुलने १०१ धावा काढल्या, आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात सलामीला येऊन पाच कसोटींत ५३२. संघातून काढल्याने राहुल संपला नाही. उलट, काढल्यानंतरचा राहुल आधीच्या राहुलपेक्षा शांत आणि पक्का दिसला. वगळणे म्हणजे अपमान, ही आपली समजूत किती चुकीची आहे हे या एका उदाहरणावरून दिसते.

दुसरी बाजू मी टाळणार नाही. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात विराट कोहलीने १० डावांत १३४ धावा केल्या, सरासरी १३.४०. जेम्स अँडरसनने त्याला चार वेळा बाद केले. उचगावच्या त्या मुलासारख्या कोणाचा तरी विचार करून तेव्हा त्याला काढले असते, तर पुढच्याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चार कसोटींत चार शतकांसह ६९२ धावा कोणी काढल्या असत्या? पण त्या दोन दौऱ्यांच्या मध्ये काय घडले ते पाहा. तो मुंबईत सचिन तेंडुलकरकडे गेला आणि उभे राहण्याच्या पद्धतीपासून आपल्या तंत्रावर काम करून आला. २०१८ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेला तेव्हा त्याने ५९३ धावा केल्या आणि संपूर्ण मालिकेत अँडरसनला त्याची विकेट मिळाली नाही. त्याची जागा राखली गेली आणि त्याने ती जागा कामाने भरून दिली.

आता २०२४-२५ चा ऑस्ट्रेलिया दौरा त्याच्या शेजारी ठेवू. पर्थला नाबाद १०० केल्यानंतरही कोहलीच्या नऊ डावांत एकूण १९० धावाच झाल्या, म्हणजे उरलेल्या आठ डावांत ९०. या मालिकेत तो आठ वेळा बाद झाला, आणि आठही वेळा ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूची कड लागून यष्टीमागे किंवा स्लिपमध्ये झेल गेला. स्कॉट बोलंडने त्यांतले चार बळी घेतले. मी कोहलीचा चाहता आहे आणि त्याच्या ९,२३० कसोटी धावांपुढे मी नतमस्तक आहे. तरीही मेलबर्न आणि सिडनीला त्याचा पुढचा पाय त्याच रेषेत पडताना पाहून मला मॅटिंगवरचा आमचा चौथ्या क्रमांकाचा फलंदाज आठवत होता, आणि डग-आऊटमध्ये बसलेल्यांचे चेहरे पाहावेसे वाटत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. धावा किती झाल्या, याआधी फलंदाज कसा बाद होत आहे आणि दोन अपयशांच्या मधल्या दिवसांत त्याने काय बदलले, हे पाहावे. वेगवेगळ्या चेंडूंवर, चांगला खेळताना, कधी अफलातून झेलामुळे तर कधी खाली राहिलेल्या चेंडूमुळे बाद होणाऱ्याला दहा डाव द्यावेत. एकाच चेंडूवर, एकाच पद्धतीने बाद होणाऱ्याला आणि त्यावर काम न करणाऱ्याला, त्याचे नाव काहीही असो, तीन कसोटींच्या पुढे संघात ठेवू नये. आणि ज्या बैठकीत ज्येष्ठाची जागा राखली जाते, त्याच बैठकीत त्यामुळे कोण बाहेर राहतो आहे त्याचे नाव उच्चारून त्याला तसे समोर बसवून सांगितले जावे.

हे सगळे कोल्हापूरकरांपुढे मांडायला मला एक जास्तीचे कारण आहे. आपल्या गावात जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडायला आणखी दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळायचेच नाकारले आणि तो संघ सामना सोडून गेला. ही हकीकत आपल्याकडे पोराटोरांना तोंडपाठ आहे. तिच्यापुढचे वाक्य आपण हळू आवाजात म्हणतो: त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. फलंदाज कितीही मोठा असला तरी जागा अकराच असतात, हे या गावाला कोणी वेगळे शिकवण्याची गरज नाही.

आपली मते विस्ताराने मांडावीत.

ऑफस्टंप

लेख मनापासून आवडला. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून एका मुद्द्याला आकड्यांचा आधार देतो आणि एका मुद्द्यावर सावध करतो.

सचिन तेंडुलकर ३२९ कसोटी डाव खेळला. त्यांत ५१ शतके आणि ६८ अर्धशतके. याचा अर्थ ३२९ पैकी २१० डावांत त्याने पन्नाशी गाठली नाही. कोहलीच्या २१० डावांत ३० शतके आणि ३१ अर्धशतके आहेत, म्हणजे १४९ डाव पन्नाशीविना. ज्यांना आपण सर्वोत्तम म्हणतो त्यांचेही दहापैकी सहा-सात डाव असेच जातात. आता दहापैकी सात डाव अपयशी ठरणाऱ्या फलंदाजाचे प्रत्येक डावातले नशीब स्वतंत्र आहे असे धरले, तर ठरावीक दहा डाव ओळीने पन्नाशीविना जाण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास येते. ही शक्यता छोटी वाटते. पण दोनशे डावांच्या कारकिर्दीत अशी एखादी ओळ कुठेतरी येण्याची शक्यता शंभरात ऐंशीच्या आसपास असते, आणि त्यासाठी फलंदाजाचे काही बिघडलेले असण्याची गरज नसते. ती ओळ आली की आपण तिला ‘फॉर्म गेला’ असे नाव देतो.

ब्रॅडमन यांचेच उदाहरण घ्या. १९२८ मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या कसोटीत १८ आणि १ धावा केल्यावर त्यांना वगळले. दुसऱ्या कसोटीत ते बारावे गडी होते. तिसऱ्या कसोटीत परतून त्यांनी ७९ आणि ११२ धावा केल्या. ९९.९४ सरासरीच्या फलंदाजाला दोन डावांवरून तोलले गेले होते. म्हणून ‘कसा बाद होतो ते पाहा’ हा आपला निकष मला पटतो. दहा डावांच्या धावा फारच थोडे सांगतात, बाद होण्याची रीत त्यापेक्षा पुष्कळ सांगते. माझी सावधगिरी एवढीच की, रीत पाहणाऱ्याची नजरही पक्षपाती असते. नावडत्या फलंदाजाचा प्रत्येक झेल आपल्याला ‘तोच चेंडू’ वाटू लागतो.

राजारामपुरी आठवी गल्ली

मी आदरपूर्वक असहमत आहे. काका, आपण सांगितलेली मुलाची गोष्ट वाचून कोणाचेही मन हेलावेल, पण त्या गोष्टीमुळेच आपला निष्कर्ष एका बाजूला कलला आहे, असे मला वाटते.

फलंदाज हा मनाने खेळतो. पुढच्या सामन्यात आपण असू की नाही, ही धाकधूक घेऊन क्रीजवर उभा राहणारा माणूस चेंडू सोडतच नाही, कारण सोडलेल्या चेंडूवर धाव मिळत नाही आणि त्याला तर धाव आत्ताच हवी असते. तो बाहेरचा चेंडू छेडतो, बाद होतो, आणि आपण म्हणतो की बघा, तोच चेंडू. म्हणजे ज्या दोषावरून त्याला काढायचे, तो दोष काढण्याच्या भीतीनेच निर्माण होतो. मार्क टेलरचे पाहा. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कर्णधार असताना तो सलग २१ कसोटी डाव पन्नाशीविना खेळत होता. त्यांच्याकडची वर्तमानपत्रे रोज त्याला काढा म्हणत होती. संघाने ठेवले, आणि इंग्लंडमधल्या एजबॅस्टनला त्याने १२९ धावा केल्या. श्रीलंकेच्या मर्वन अटापट्टूच्या पहिल्या सहा कसोटी डावांत मिळून एक धाव होती. त्याला मध्ये मध्ये वर्षानुवर्षे बाहेर ठेवले गेले हे खरे, पण कोणीतरी त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकला म्हणूनच पुढे सहा द्विशतके आणि साडेपाच हजार धावा पाहायला मिळाल्या.

आपण म्हणता त्या तीन कसोटींच्या नियमात हे दोघेही बसत नाहीत. आणि तेंडुलकर तरी बसतो का? २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनीपूर्वी त्याच्या पाच डावांत ०, १, ३७, ० आणि ४४ धावा होत्या.

मॅटिंगवरचा

आठव्या गल्लीतल्या दादांनी सिडनीची आठवण काढली, हे बरे केले. ती खेळी माझ्या मुद्द्यासाठी मीच राखून ठेवली होती. त्या दौऱ्यात कव्हर ड्राइव्ह मारताना आपण बाद होत आहोत हे तेंडुलकरने ओळखले आणि सिडनीला तो फटका त्याने पूर्णपणे बाजूला ठेवला. ऑफस्टंपबाहेर हाफ-व्हॉलीसारखा, सहज मारता येईल असा चेंडू आला, कव्हरमध्ये मोकळी जागा दिसली, तरी त्याने बॅट वर उचलून चेंडू जाऊ दिला. ४३६ चेंडू, नाबाद २४१. कव्हर ड्राइव्ह हा त्याचा सर्वांत देखणा फटका. आपल्या हातातला असा फटका दहा तास खिशात ठेवणे किती कठीण असते, हे ज्याने एखाद्या रविवारी नुसती क्लबची फलंदाजी केली आहे त्यालाही कळेल. मी ‘काय बदलले’ असे विचारतो तेव्हा मला हेच अभिप्रेत असते. ज्याने तीन कसोटींत स्वतःचा दोष ओळखून चौथ्यात तो बंद केला, त्याला काढण्याचा प्रश्नच येत नाही.

मात्र भीतीचा आपला मुद्दा मी नाकारू शकत नाही. दोष आणि धाकधूक एकमेकांना खतपाणी घालतात, हे मी आमच्या त्या ज्येष्ठ फलंदाजाच्या बाबतीतही पाहिले. आम्ही त्याला काढले नाही आणि ठेवतो आहोत असेही स्पष्ट सांगितले नाही. तो प्रत्येक सामन्याच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावरच्या यादीत आपले नाव शोधायचा. त्याला चार सामन्यांची हमी देऊन सोबत त्याचा दोष सांगितला असता, तर कदाचित दोघांचेही भले झाले असते. माझ्या मूळ लेखात ही गोष्ट यायला हवी होती.

शाहूपुरीकर

राखायचे की काढायचे यापेक्षा काढलेला माणूस जातो कुठे, हा प्रश्न मला मोठा वाटतो. चेतेश्वर पुजाराला २०२२ च्या सुरुवातीला श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेतून वगळले. त्या हंगामात त्याने इंग्लंडमध्ये ससेक्स काउंटीकडून आठ सामन्यांत तीन द्विशतकांसह १,०९४ धावा काढल्या, आणि हंगाम संपण्याआधीच, जुलैमध्ये एजबॅस्टनच्या कसोटीत तो परत भारतीय संघात होता. डिसेंबरमध्ये बांगलादेशात चट्टोग्रामला त्याने जवळपास चार वर्षांनंतर कसोटी शतक केले. परत येण्याची वाट उघडी आहे आणि ती धावांनीच उघडते, हे त्याला माहीत होते.

करुण नायरच्या बाबतीत हीच वाट आठ वर्षे बंद राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत नाबाद ३०३. पुढच्या कसोटीत अजिंक्य रहाणे तंदुरुस्त होऊन परतला म्हणून नायर बाहेर. त्यानंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार डावांत ५४ धावा, आणि तिथून थेट जून २०२५. तो बाहेर पडला तेव्हा त्याची कसोटी सरासरी ६२.३३ होती. एकाला चार डाव आणि दुसऱ्याला चाळीस, असे घडते तेव्हा फॉर्म हा शब्दच निरर्थक होतो. आधीपासून कोणाचे पारडे जड आहे, तेवढेच त्यात दिसते.

रणजीबद्दलही लिहायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये नियामक मंडळाने देशांतर्गत क्रिकेट खेळण्याची सक्ती केली, तेव्हा रोहित शर्मा मुंबईकडून आणि कोहली दिल्लीकडून उतरला. कोहली रेल्वेविरुद्ध सहा धावांवर त्रिफळाचीत झाला. लोकांनी त्याची चेष्टा केली, मला ती अजिबात रुचली नाही. हजारोंच्या गर्दीपुढे, ज्या स्पर्धेत मिळवण्यासारखे काही नाही आणि गमावण्यासारखे बरेच आहे, तिथे तो उभा राहिला. ही सवय दहा वर्षे आधी लागली असती, तर दोन मालिकांच्या मधले दिवस असे कोरडे गेले नसते.

मॅटिंगवरचा

शाहूपुरीकरांचे म्हणणे शंभर टक्के मान्य. त्यात मी मोहिंदर अमरनाथची भर घालतो. १९८३ हे वर्ष त्याचे होते. वेस्ट इंडीजमध्ये जाऊन त्यांच्या तोफखान्यासमोर ५९८ धावा, मग विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत सामनावीर. त्याच वर्षअखेरीस तोच वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला आणि अमरनाथने सहा डावांत मिळून एक धाव केली. पाच भोपळे आणि एक धाव. त्याला काढले गेले. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये लाहोरला तो परतला आणि नाबाद १०१ करून त्याने कसोटी वाचवली. त्याच्याइतके वेळा काढलेला आणि त्याच्याइतके वेळा परत आलेला भारतीय फलंदाज मला दुसरा आठवत नाही. काढणारे आणि परत घेणारे दोघेही आपापल्या वेळी बरोबर असू शकतात.

रोहितबद्दल एक वाक्य. पाच डावांत ३१ धावा झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या कसोटीत त्याने कर्णधार असूनही स्वतःहून बाहेर बसणे पसंत केले. निवड समितीला जे नाव उच्चारणे जमत नाही, ते त्याने स्वतः उच्चारले, आणि याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

एका खेळाडूची आई

इथे मी आजवर फक्त वाचत आले, आज प्रथमच लिहीत आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि सोळा वर्षांखालील संघाच्या निवडीसाठी खेळतो. गेल्या हंगामात त्याच्या पाच डावांत बत्तीस धावा झाल्या. सहाव्या सामन्याला त्याला बसवले. वगळल्याचे त्याला मैदानावर पोहोचल्यानंतर, पांढरे कपडे घालून तयार झाल्यावर, दुसऱ्याच एका मुलाकडून कळले. प्रशिक्षकांनी त्याला काहीही सांगितले नाही. तो दिवसभर तिथेच बसून राहिला आणि घरी आल्यावर जेवला नाही.

आपल्या लेखातला बारावा गडी वाचताना मला प्रथम राग आला, कारण माझा मुलगा आज ‘फॉर्म गेलेला’ या बाजूला उभा आहे आणि आपण दुसऱ्या बाजूने बोलत आहात असे वाटले. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आले की तो उचगावचा मुलगाही असाच दिवसभर बसत होता. ज्या मुलाने माझ्या मुलाच्या जागी त्या दिवशी फलंदाजी केली, त्याने चाळीस धावा केल्या. त्याची आईही माझ्याच शेजारी बसली होती आणि माझ्याकडे पाहून तिला टाळ्या वाजवता येत नव्हत्या.

माझा प्रश्न साधा आहे. मोठ्या खेळाडूंना आकडेवारी, विश्लेषक, पुनरागमनाच्या वाटा आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचे नेमके काय चुकते आहे हे कोणी सांगायचे, आणि आम्ही पालकांनी ते कोणाला विचारायचे? विचारले की ‘पालक ढवळाढवळ करतात’ असे म्हटले जाते.

ऑफस्टंप

ताई, पाच डावांवरून कोणाचाही फॉर्म ठरत नाही, एवढे गणिताच्या भरवशावर मी आपल्याला सांगू शकतो. पाच डाव म्हणजे काहीच नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली

वगळल्याचे मुलाला दुसऱ्या मुलाकडून कळावे, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. माझा वाद मागे घेत नाही, पण काकांच्या ‘समोर बसवून सांगावे’ या मागणीला माझा बिनशर्त पाठिंबा आहे. ती मागणी दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी सारखीच आहे, हे मला ताईंचा प्रतिसाद वाचून उमजले.

मॅटिंगवरचा

ताई, आपला राग रास्त आहे. प्रशिक्षकांना ‘माझ्या मुलाला का काढले’ असे विचारू नका. त्या प्रश्नावर समोरचा माणूस लगेच स्वतःचा बचाव करू लागतो. मुलालाच घेऊन जा आणि त्याला विचारू द्या: “सर, मागच्या पाच डावांत मी कसा बाद झालो आणि आता नेटमध्ये मी काय करू?” चांगला प्रशिक्षक या प्रश्नाला टाळत नाही, कारण त्यात तक्रार नाही, काम आहे.

त्याआधी घरी एक गोष्ट करा. त्याला एका वहीत ते पाच डाव आठवून लिहायला लावा. गोलंदाज वेगवान की फिरकी, चेंडू कोणत्या टप्प्यावर पडला, ऑफस्टंपच्या आत की बाहेर, आपले डोके चेंडूच्या रेषेत होते की बाजूला पडले होते, किती चेंडू खेळून बाद झाला. धावांचा रकाना त्या वहीत ठेवू नका. पाचांपैकी तीन ओळी सारख्या आल्या, तर काय दुरुस्त करायचे ते त्याला आपोआप दिसेल. पाचही वेगळ्या आल्या, तर ऑफस्टंप सर म्हणतात तसे नशिबाचे पाच डाव गेले असे समजून त्याला बिनधास्त खेळू द्या.

मी अजूनही शनिवारी सकाळी राजाराम कॉलेजच्या मैदानाकडे फिरायला जातो. त्याला वही घेऊन पाठवा. थ्रोडाऊन देण्याइतका, म्हणजे सरावासाठी जवळून हाताने चेंडू फेकण्याइतका, खांदा माझा अजून शाबूत आहे.

एका खेळाडूची आई

वही केली. पाच ओळी लिहायला त्याला दोन तास लागले, कारण त्याला धावाच आठवत होत्या, चेंडू आठवत नव्हते. शेवटी आठवले. पाचांपैकी चार वेळा चेंडू आत आला आणि तो पायचीत झाला. चारही वेळा त्याचा पुढचा पाय आडवा, ऑफस्टंपकडे पडला होता, असे त्याने स्वतःच आकृती काढून दाखवले. शनिवारी तो साडेसहाला येईल. त्याच्याबरोबर त्या दिवशी चाळीस धावा केलेला मुलगाही येणार आहे, चालेल ना?